आठ फोकस विकले, आणि बिबट्या त्यांच्याच उजेडातून गेला

मागच्या व्हिडिओत मी ३८,२०० रुपयांच्या एका बिलाचा उल्लेख केला होता. "ते बिल चुकलं होतं" एवढं बोलून मी पुढे गेले, कारण व्हिडिओचा विषय उधारी होता. पण गोष्ट व्हिडिओत मावणारी नाहीच. फार्मस्टे, टेंट, शेतातली खोली भाड्याने देणं असलं काही काढायच्या विचारात असाल तर ही तुमच्या कामाची आहे. इलेक्ट्रिकलचं किंवा कुठलंही दुकान टाकणार असाल तर त्याहून जास्त.

आमचं दुकान नारायणगावात. पप्पांनी सुरू केलेलं. बीबीए झालं, पुण्यात दोन वर्षं नोकरी केली आणि मग मी गल्ल्यावर बसले. २०२१ ची दिवाळी नुकतीच झाली होती. ओतूरकडचे एक निवृत्त शिक्षक मुलाला घेऊन दुकानात आले. त्यांना सगळे गुरुजी म्हणतात, मीही इथे तेच म्हणते. आंब्याच्या बागेत त्यांनी पाच लाकडी केबिन उभ्या केल्या होत्या. बागेच्या एका अंगाला ओढा, ओढ्यापलीकडे ऊस. २०१८ मध्ये जुन्नर हा पर्यटन तालुका जाहीर झाला, तेव्हापासून आमच्याकडे ज्याची ओढ्याकाठी वीस गुंठे जमीन आहे तो टेंटचं बोलतोच. गुरुजींनी मात्र बोलून न थांबता फंडातले पैसे घातले होते.

झालं असं होतं, की एका शनिवारी सकाळी तिसऱ्या केबिनच्या पायरीपाशी ओल्या मातीत ठसे दिसले. मुक्कामाला पुण्याचं कुटुंब होतं, बरोबर दोन लहान मुलं. त्यांनी चहासुद्धा घेतला नाही. पैसे परत मागितले, ते गुरुजींनी दिले, आणि घरी पोचून त्यांनी रिव्ह्यू लिहिला. पुढच्या पंधरा दिवसांत बारापैकी सात बुकिंग रद्द.

गुरुजींचा मुलगा काउंटरवर हात टेकून म्हणाला, "ताई, रात्रीचा दिवस करून द्या. उजेड असला की वाघ येत नाही." आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात.

मी काय केलं? कॅल्क्युलेटर ओढला. ५० वॅटचे आठ एलईडी फोकस, पांढरे लख्ख, ६५०० केल्विनचे. सहा पाइपचे खांब, तीनशे मीटर केबल, अंधार पडला की आपोआप चालू होणारा फोटोसेल, मजुरी. एकूण ३८,२००. मी एकही प्रश्न विचारला नाही. जागा बघायला गेले ती दुपारी बारा वाजता, खांब कुठे रोवायचे एवढंच बघायला. रविवारी संध्याकाळी सात वाजता बटण दाबलं तर बाग लग्नाच्या मांडवासारखी उजळली. मी फोटो काढून स्टेटसला टाकला.

दीड महिन्याने गुरुजी एकटेच आले. मोबाइल माझ्यासमोर काउंटरवर ठेवला. कॅमेऱ्याची क्लिप होती. रात्रीचे २ वाजून ४० मिनिटं. ओढ्याकडून बिबट्या येतो, दोन फोकसच्या मधून चालतो. घाई नाही. एकदा थांबून जमीन हुंगतो आणि स्वयंपाकघराच्या मागे जातो. पुढचं दिसत नाही, पण आवाज आहे. मग त्याच वाटेने परत जातो आणि तोंडात गुरुजींचा मोत्या असतो. मोत्या राखण करायला साखळीला बांधलेला होता. साखळी तशीच राहिली, गळ्यातला पट्टा तुटला.

गुरुजी म्हणाले, "पोरी, उजेड चांगला आहे तुझा. सगळं स्वच्छ दिसलं."

त्यांनी ते टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं, म्हणूनच जास्त लागलं. आणि कुत्र्यावर निभावलं म्हणून आज मी हे लिहू शकते. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या आमच्या चार तालुक्यांत बिबट्याच्या हल्ल्यात माणसं गेलेली आहेत, लहान मुलं गेलेली आहेत. "उजेड आहे ना, काही होत नाही" असं समजून एखादं पोर रात्री एकटं स्वच्छतागृहाकडे गेलं असतं तर? तो भरवसा मी विकला होता, तोही पावतीवर जीएसटी लावून.

बिबट्याला उजेडाचं काय?

त्यानंतर मी जे वाचलं आणि विचारलं, ते फोकस विकायच्या आधी करायला हवं होतं.

पहिली गोष्ट. आपल्या भागातला बिबट्या जंगलातून वाट चुकून आलेला नसतो. तो उसातच जन्मतो, उसातच वाढतो. घरातल्या ट्यूबलाइट, मोटारींचे दिवे, पाणी भरायला निघालेल्या माणसाची बॅटरी, हे सगळं तो पिल्लू असल्यापासून बघतो. मुंबईत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेच्या सोसायट्यांमध्ये बिबटे दिव्यांखालून चालताना कॅमेऱ्यात आलेत. जो दिवा रोज त्याच जागी, तसाच, रात्रभर जळतो, त्याला घाबरायचं कारण त्याला उरत नाही. खांबाएवढीच त्याची किंमत.

दुसरी गोष्ट, तो येतो कशाला? आपल्या शेजारच्या अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेवरून त्यांचं खाणं शोधलं. त्यांनी खाल्लेल्या भक्ष्याच्या वजनातला ८७ टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा निघाला आणि एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. शेळ्या त्या भागात कुत्र्यांच्या सातपट होत्या, तरी त्यांचा वाटा ११ टक्केच. कारण शेळी रात्री गोठ्यात कोंडलेली असते आणि कुत्रं बाहेर असतं. हे वाचलं तेव्हा मला मोत्याची साखळी आठवली. आपण राखणदार म्हणून जे बांधून ठेवतो, ते त्याच्या हिशेबात ताट वाढून ठेवलेलं असतं.

मग उजेडाचा काहीच उपयोग नाही का? आहे, पण कुठल्या उजेडाचा ते बघा.

केनियात नैरोबी राष्ट्रीय उद्यानाला लागून राहणारा रिचर्ड तुरेरे नावाचा मासाई मुलगा. त्याच्यावर घरच्या गुरांची जबाबदारी आणि सिंह रात्री गुरं मारायचे. आधी त्याने आग पेटवून पाहिली. झालं उलटंच, त्या उजेडात सिंहांना गोठा अजून नीट दिसायला लागला. मग बुजगावणं उभं केलं. पहिल्या रात्री सिंह परत गेले, दुसऱ्या रात्री त्यांना कळलं की हे हलत नाही. मग त्याच्या लक्षात आलं, की तो स्वतः बॅटरी घेऊन गोठ्याभोवती फिरतो त्या रात्री सिंह येत नाहीत. म्हणजे सिंह उजेडाला भीत नव्हते. हलत्या उजेडामागे माणूस असतो, त्या माणसाला भीत होते. गाडीची जुनी बॅटरी, मोटारसायकलच्या इंडिकेटरचा डबा, चार्जिंगला सोलर पॅनेल, यातून त्याने गोठ्याभोवती आलटून पालटून लुकलुकणारे दिवे बसवले. तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. २०१३ मध्ये टेडच्या मंचावर त्याने हे जगाला सांगितलं. ते भाषण जरूर बघा. गिऱ्हाइकाची अडचण समजून घेणं म्हणजे काय, ते मी बीबीएच्या तीन वर्षांत शिकले नाही तेवढं त्या सात-आठ मिनिटांत आहे.

पण थांबा, लगेच लुकलुकणाऱ्या दिव्यांची ऑर्डर देऊ नका. चिलीच्या उत्तरेत उंच पठारावर लामा आणि अल्पाकांच्या कळपांभोवती असेच मधूनच चमकणारे दिवे लावून अभ्यास झाला. प्यूमा लांब राहिले. तिथल्या कोल्ह्यांना मात्र काही फरक पडला नाही. एका प्राण्यावर चाललं म्हणून दुसऱ्यावर चालेलच असं नाही. आपल्याकडचे शेतकरी रानडुकरांसाठी शेतात बल्ब टांगतात, त्यांना विचारा. चार दिवस डुकरं बिचकतात, पाचव्या दिवशी त्याच बल्बखाली भुईमूग उकरतात. शिवाय केबिनच्या दारात रात्रभर दिवे लुकलुकत असतील तर पाहुण्याला झोप कशी लागणार?

तुम्ही म्हणाल, वनखातं तर सांगतं की घराभोवती उजेड ठेवा. बरोबर सांगतं. माणसाला पाऊल कुठे टाकतोय ते दिसावं, समोर काही बसलंय ते लांबूनच कळावं, म्हणून तो उजेड असतो. त्यामुळे बिबट्या येणारच नाही, असा त्या सांगण्याचा अर्थ आपण आपल्या मनाने लावलेला असतो. तो मीही लावला आणि विकला.

रात्री साडेनऊ वाजता

गुरुजींच्या ओळखीचे एक वनरक्षक होते. त्यांना विनंती केली आणि एका बुधवारी, पाहुणे नसताना, आम्ही चौघं रात्री बागेत गेलो.

त्यांनी आधी आठही फोकस लावायला सांगितले. आम्हाला केबिनच्या अंगणात उभं केलं आणि स्वतः ओढ्याच्या दिशेने चालत गेले. उजेडाच्या कडेपर्यंत दिसत होते, पुढे दिसेनासे झाले. दोनेक मिनिटांनी त्यांनी बॅटरी लावली. ते आमच्यापासून पंचवीस-तीस पावलांवर उभे होते. तिथून त्यांना आमच्या चेहऱ्यावरचे भावसुद्धा दिसत होते आणि आम्हाला समोर निव्वळ काळा पडदा. फोकस बाहेरच्या बाजूला तोंड करून, डोळ्यांच्या रेषेत लावलेले. उजेडात उभा असलेला माणूस आंधळा आणि अंधारातला जनावर डोळस, अशी सोय मी ३८ हजारांत करून दिली होती.

मग त्यांनी सगळं बंद करायला लावलं. आम्ही पायरीवर बसून राहिलो. वीसेक मिनिटांत डोळे सरावले आणि चांदण्यात ओढ्याकाठचं गवतसुद्धा वेगळं दिसायला लागलं. गुरुजी हळूच म्हणाले, "हेच बघायला लोक येतात आणि आपण हेच घालवलं."

नंतर बॅटऱ्या घेऊन फिरलो. स्वयंपाकघरामागे खरकट्याचा उघडा खड्डा, त्यात शनिवार-रविवारच्या मटणाची हाडकं. आम्ही गेलो तेव्हा दोन भटकी कुत्री तिथे होतीच. म्हणजे मोत्या गेला तरी ताट वाढलेलंच होतं. खड्ड्यापासून दहा पावलांवर कोंबड्यांचं खुराडं, वरून उघडं. तिसऱ्या केबिनच्या मागे घाणेरीचं रान थेट भिंतीला टेकलेलं, आणि ठसे दिसले होते ते तिथेच. शिवाय एक गोष्ट माझ्या फोकसनीच आणलेली होती. पांढऱ्या उजेडाखाली किड्यांचा खच पडत होता, किडे खायला बेडूक जमत होते, आणि बेडकांमागे काय येतं ते ग्रामीण भागातल्या माणसाला सांगायला नको. राखणदार मुलाने सांगितलं, महिन्याभरात दोनदा नाग आणि एकदा घोणस फोकसच्या खांबापाशी दिसली होती. बिबट्या घालवायला निघालो आणि साप बोलावले.

काय बदललं

आधी विजेला हातच लावला नाही. खरकट्याचा खड्डा बुजवला, झाकणाचे दोन ड्रम आणले आणि रोज रात्री दहाच्या आत ड्रम कोंडायचा नियम केला. खुराड्याला वरून जाळी, खाली सिमेंटचा कोबा. केबिनभोवतीची घाणेरी आणि गवत पंधरा-वीस मीटरपर्यंत साफ केलं. नवीन कुत्रं आणलं तर ते रात्री आत झोपेल, हे गुरुजींनी स्वतःच ठरवलं. पाहुण्यांसाठी एक पान छापलं: अंधार पडल्यावर मुलांना एकटं सोडायचं नाही, उष्टं बाहेर टाकायचं नाही, रात्री केबिनबाहेर जायचं तर बॅटरी घेऊन, बोलत, शक्यतो राखणदाराला बरोबर घेऊन. बिबट्या दिसलाच तर मागे पळायचं नाही, घेरायचं नाही, फटाके लावायचे नाहीत. आत यायचं आणि वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करायचा. या सगळ्यात माझी विक्री शून्य रुपये.

मग दिवे. आठपैकी सहा फोकस काढले. उरलेले दोन स्वयंपाकघर आणि पार्किंगवर ठेवले, पण तोंड खाली वळवून आणि हाताने चालू-बंद करायचे. केबिनपासून जेवणाच्या जागेपर्यंतच्या वाटेवर गुडघ्याएवढ्या उंचीचे, वरून झाकलेले, ३ वॅटचे बारा दिवे बसवले. पिवळसर उजेडाचे, २७०० केल्विनचे. त्यावर किडे कमी येतात आणि डोळे दिपत नाहीत. हे दिवे संध्याकाळी सात ते अकरा.

ओढ्याकडच्या बाजूला चार सेन्सरचे दिवे, १० वॅटचे. हा सेन्सर अंगातली उष्णता हलताना ओळखतो. तो बसवताना लोक हमखास चूक करतात, मीही पहिल्यांदा केली. जनावर सेन्सरच्या समोरून आडवं गेलं तर तो चटकन पकडतो, सरळ अंगावर चालत आलं तर उशिरा. म्हणून तो येण्याच्या वाटेकडे तोंड करून लावायचा नसतो, वाट त्याच्यासमोरून आडवी जाईल असा लावायचा. उंची दोन ते अडीच मीटर, टप्पा आठ-दहा मीटर धरा. एप्रिल-मे महिन्यात हवाच अंगाइतकी तापलेली असते, तेव्हा संध्याकाळी तो जरा मंदावतो. आणि समोर आंब्याची फांदी आली की वाऱ्याने रात्रभर पेटत राहतो. पहिल्या आठवड्यात राखणदाराने मला रोज सकाळी फोन करून शिव्या घालायच्या तेवढ्या बाकी ठेवल्या. दोन फांद्या छाटल्या, एका सेन्सरचं तोंड फिरवलं, तेव्हा कुठे शांतता झाली. सेन्सर लागला की राखणदाराच्या खोलीत बारीक घंटी वाजते. खरं काम ती घंटी करते. दिवा बिबट्याला काही सांगो न सांगो, माणसाला सांगतो की बाहेर काहीतरी हललं, आता दार उघडू नकोस.

विजेचा हिशेब तुम्हीच करून बघा. ५० वॅटचे आठ फोकस रात्रभर म्हणजे दहा तास, रोजचे ४ युनिट, महिन्याचे १२०. वाटेवरचे बारा दिवे चार तास म्हणजे महिन्याला साडेचार युनिटसुद्धा नाहीत. सेन्सरचे दिवे मोजण्याइतके जळतच नाहीत. युनिटला दहा रुपये धरले तर कुठे बाराशे आणि कुठे पन्नास. एवढी वाचत असलेली वीज मी गुरुजींना जाळायला लावत होते.

बारीकसारीक तीन-चार गोष्टी, ज्या दुकानदार सहसा सांगत नाही. १२ व्होल्टची लाइन लांब नेली की शेवटचे दिवे मिणमिणतात. आमचे ऐंशी मीटरवरचे चार दिवे असेच निघाले, मग ट्रान्सफॉर्मर मध्यावर आणला. बाहेरच्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि नीट अर्थिंग हवंच, ओल्या गवतात अनवाणी मुलं फिरतात. डब्यावर आयपी ६५ लिहिलेलं बघा, आणि तरी केबल खालून आत घ्या, वरून घेतली की पाणी तिच्याबरोबर आत जातं. निव्वळ सोलरच्या बागेतल्या दिव्यांवर विसंबू नका, जुलैमध्ये ओतूरला आठ-आठ दिवस ऊन नसतं. वाटेची लाइन आणि घंटी छोट्या इन्व्हर्टरवर ठेवा, कारण लाइट जाते ती विचारून जात नाही.

आणि कुणी कितीही सांगो, कुंपणात घरची लाइन सोडायची नाही. बिबट्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं सर्वोच्च संरक्षण आहे, तो गुन्हा आहेच. पण त्या तारेला चिकटून शेजारचा माणूस मेल्याच्या बातम्या आपण दर वर्षी वाचतो. माझ्याकडे असली वायरिंग मागायला येतात. मी वायर विकत नाही, सरळ घालवून देते.

पैशांचं बोलू

सहा फोकस मी पूर्ण किमतीला परत घेतले, १६५० प्रमाणे ९,९०० रुपये. पप्पा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. "वापरलेला माल पूर्ण पैशात परत घेणारी तू पहिलीच." त्यातले चार एका वीटभट्टीवाल्याला १२०० ने गेले. दोन अजून माळ्यावर आहेत. नवीन सामानाचं बिल १६,४०० झालं. वायरमनची मजुरी मी सोसली. दोन्ही कामं मिळून माझ्या हातात जवळपास काही राहिलं नाही.

पण एक गोष्ट सापडली. रात्रीची पाहणी. दुपारी बारा वाजता जागा बघून उजेडाचं काम ठरवणं म्हणजे उन्हाळ्यात छत्री विकण्यासारखं. आता फार्मस्टे किंवा शेतघराचं काम आलं की मी अंधार पडल्यावरच जाते आणि त्याचे १,५०० रुपये घेते. सामान आमच्याकडून घेतलं तर बिलात वळते करते. पहिल्या दोघांनी "बघायचे पैसे?" म्हणून फोन ठेवला. ठेवू दे. त्यानंतर तीन हिवाळ्यांत अकरा कामं झाली. त्यातल्या एकाला मी झाकणाचे ड्रम घ्यायला सांगून परत आले, एकही दिवा विकला नाही. त्याने पुढे तिघांना माझा नंबर दिला.

नवीन गिऱ्हाईक हमखास विचारतं, "ताई, मग बिबट्या येणार नाही ना?" मी पाहणीच्या कागदावर पहिल्याच ओळीत लिहिते: बिबट्या येणार नाही अशी हमी नाही. एका गिऱ्हाइकाने तो कागद परत दिला आणि मोठे फोकस लावून देणाऱ्या दुकानात गेला. त्याला अडवण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. हमी देणारा माणूस नेहमीच जास्त विकतो. मला अजूनही त्याचा थोडा राग येतो, खोटं कशाला बोलू.

अजून एक. अंधार हा तोटा समजू नका, तो तुमचा माल आहे. जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्प भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क जाहीर झालं. तिथे शेजारच्या सिल्लारीसारख्या गावांतले आकाशाकडे तोंड असलेले दिवे बदलून जमिनीकडे वळवले. ही वाघाच्या दारातली गावं आहेत. तिथे गाव अंधारात ठेवलं नाही, उजेड पायाखाली ठेवला. आपल्याकडे भंडारदऱ्याला, पुरुषवाडीला मेअखेर आणि जूनमध्ये काजवे बघायला पुण्या-मुंबईहून गाड्या येतात. काजवा हा उजेडावर चालणारा प्राणी, तो जोडीदार शोधतो तोच लुकलुकून. तिथे एकाने केबिनवर फोकस मारला की त्या भागातला खेळ संपला. गुरुजींच्या मुलाने आता जाहिरातीत पहिलीच ओळ टाकली आहे, "आमच्याकडे रात्री अंधार असतो." खाली बारीक अक्षरात बिबट्याचा परिसर असल्याचंही लिहिलंय. ती ओळ टाकू नका म्हणून घरात भांडण झालं होतं. टाकली. काही लोक ती वाचून येत नाहीत. जे येतात ते पान वाचून येतात, मुलांचा हात धरून चालतात, आणि ठसे दिसले तर पैसे परत मागत नाहीत.

गुरुजींनी आणलेल्या नव्या कुत्र्याचं नावही मोत्याच आहे. तो रात्री स्वयंपाकघरात झोपतो.

गेल्या जानेवारीत सकाळी सहाला गुरुजींचा फोन आला. मी घाबरून उचलला.

"आला होता रात्री," ते म्हणाले. "ओढ्याच्या बांधाने आला आणि बांधानेच गेला. इकडे वळला नाही. तुझा दिवा लागला होता, पण त्याने काही ढुंकून पाहिलं नाही."

"घंटी वाजली का?"

"वाजली की. म्हणून तर उठलो. आणि ऐक, तो दुसरा सेन्सर बदलून दे, पावसाळ्यात पाणी शिरलंय त्यात. केबल वरून घेतलीये तुझ्या वायरमनने."